ऊर्जासंवर्धन : शब्दाचा अर्थ व शेतकऱ्याचा व्यवहार

शाळेंत शिकणाऱ्या मुलानें घरीं येऊन बापास सांगावें कीं, जगांतील ऊर्जा कधींही नष्ट होत नाहीं, तिचें फक्त रूप पालटतें; आणि त्याच शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांनीं ‘ऊर्जा वाचवा’ असें लिहिलेलें असावें, हा प्रकार सहज संभवतो. चौकस बाप त्यावर विचारील कीं, जी वस्तु नाशच पावत नाहीं ती वाचवावयाची कशाला? प्रश्न थट्टेचा दिसला तरी पोकळ नाहीं. ज्यास ह्याचें उत्तर नीट देतां येईल त्यास ‘ऊर्जासंवर्धन’ ह्या शब्दाचा अर्थ समजला असें म्हणावें. ज्यास देतां येणार नाहीं, त्याच्या हातून ह्या शब्दाचा नुसता घोष होईल, व्यवहार होणार नाहीं.

यवतमाळ जिल्ह्यांतील बागायतदारास तर हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. शेतपंपाच्या विजेचें बिल माफ झाल्यापासून ‘आतां वाचवून कोणाचें भलें करावयाचें?’ हा विचार मनांत येणें फार सोपें झालें आहे. तो विचार कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं प्रस्तुत लेखांत प्रथम शब्दाचा अर्थ सांगून मग तो आपल्या विहिरीवर, वावरांत व चुलीजवळ कसा लागू पडतो ह्याचा क्रमानें विचार करूं.

एका शब्दाचे दोन अर्थ

घोटाळ्याचें मूळ असें आहे कीं, इंग्रजींत दोन निरनिराळ्या गोष्टींस एकच शब्द लावितात. पहिली गोष्ट निसर्गाचा नियम होय. रॉबर्ट मायर नांवाचा एक जर्मन वैद्य १८४० सालीं डच जहाजावर नोकरी धरून जावा बेटाकडे गेला. तेथें खलाशांच्या शिरांतून काढलेलें रक्त त्यास नेहमींपेक्षां अधिक तांबडें दिसलें. उष्ण प्रदेशांत देहाची ऊब राखण्यास अन्न कमी जाळावें लागतें, म्हणून रक्ताचा रंग असा राहतो, असें त्यानें ताडलें. आणि अन्न, उष्णता व श्रम ह्यांचा हिशेब एकाच खात्यांत मांडला पाहिजे ह्या विचारास तो पोंचला. त्याचा निबंध १८४२ सालीं छापला गेला. त्याच सुमारास इंग्लंडांत मँचेस्टरजवळ जेम्स जूल ह्यानें वजन खालीं सोडून त्याच्या जोरावर पाण्यांतील पंखा फिरविला व पाणी किती तापतें हें बारकाईनें मोजलें. एक किलोग्रॅम पाणी सेंटिग्रेडच्या एका अंशानें तापविण्यास जितकी उष्णता लागते, तितकीच एक किलोग्रॅम वजन सुमारें ४२७ मीटर खालीं उतरतांना मिळते, असें त्या प्रयोगांचें सार आहे. १८४७ सालीं हेल्महोल्ट्झ ह्यानें हा नियम सर्व प्रकारच्या ऊर्जेस लागू करून दाखविला. मराठी शालेय पुस्तकांत ह्यास ‘ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम’ म्हणतात. हा नियम कोणी पाळावयाचा नसतो. तो आपोआप पाळला जातो.

दुसरी गोष्ट मनुष्याचें कर्तव्य होय. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें व थोड्याच महिन्यांत त्याची किंमत सुमारें चौपट झाली, तेव्हां इंधन जपून वापरण्याचा प्रश्न जगभर राज्यकर्त्यांपुढें आला. आपल्या देशांत तेलाच्या बचतीसाठीं १९७८ सालीं स्वतंत्र संस्था निघाली. पुढें २००१ सालीं ऊर्जा संवर्धन अधिनियम संमत होऊन १ मार्च २००२ पासून तो अमलांत आला. दरवर्षीं १४ डिसेंबर हा दिवस त्यासाठीं पाळतात. ह्या अर्थानें ऊर्जासंवर्धन म्हणजे ऊर्जेचा अपव्यय टाळून तितक्याच ऊर्जेंत अधिक काम करून घेणें.

आतां ‘संवर्धन’ ह्या शब्दाकडे पाहूं. आपणांस पशुसंवर्धन परिचित आहे. तेथें संवर्धन म्हणजे वाढ व जोपासना. चार गाईंच्या पांच गाई होतात. ऊर्जेचें तसें होत नाहीं. मायर व जूल ह्यांचा नियम जसा ‘नाश नाहीं’ असें सांगतो तसाच ‘उत्पत्तिही नाहीं’ असें सांगतो. म्हणून ऊर्जासंवर्धनाचा अर्थ पशुसंवर्धनावरून लावूं गेल्यास फसगत होते. तो अर्थ शेतकऱ्यास चटकन् कळावयाचा असेल तर दुसरा एक शब्द अधिक उपयोगी आहे, व तो म्हणजे मृदसंधारण-जलसंधारण ह्यांतील ‘संधारण’.

बांधाचा दृष्टांत

आपल्या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी नऊशें ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उताराच्या वावरांत बांध नसेल तर मृगाचें पाणी तासाभरांत नाल्याला, नाल्यांतून वर्धा अगर पैनगंगेला आणि तेथून गोदावरीच्या वाटेनें समुद्रास मिळतें. त्यांतला एक थेंबही नष्ट झाला नाहीं. तरी कपाशीच्या दृष्टीनें तें पाणी गेलें तें गेलेंच. बांध घालणारा शेतकरी पाणी उत्पन्न करीत नाहीं व तें कायमचें अडवूनही ठेवीत नाहीं. जातां जातां त्यास आपल्या वावरांत मुरावयास लावतो व पिकाचें काम करून घेऊन मग सोडतो.

ऊर्जेचेंही नेमकें असेंच आहे. १८५२ सालीं विल्यम टॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाला, त्यानें दाखवून दिलें कीं, ऊर्जा नष्ट होत नसली तरी ती विखुरण्याकडे निसर्गाची सततची ओढ आहे. कोळशांत, डिझेलांत, उंचावरील पाण्यांत ती एकवटलेली असते, तोंवर तिच्याकडून काम घेतां येतें. काम घेतां घेतां, किंवा न घेतांही, ती शेवटीं कोमट हवेच्या रूपानें चोहोंकडे पसरते, आणि तशी पसरलेली ऊर्जा गोळा करून तिच्यावर पंप चालवितां येत नाहीं. समुद्राला मिळालेलें पाणी जसें कोणी घागरीनें परत वावरांत आणीत नाहीं, तसेंच हें. तेव्हां त्या चौकस बापास उत्तर असें : ऊर्जा नष्ट होत नाहीं हें खरें, पण ती उताराला लागलेली असते, ती निसटण्यापूर्वीं तिच्याकडून आपलें काम करून घेणें, ह्यासच ऊर्जासंवर्धन म्हणावें.

हा विचार आपल्या वाडवडिलांस अगदींच अपरिचित होता असें नाहीं. बंडी जुंपण्यापूर्वीं आंसाला वंगण घालणारा, वखराची पास वेळच्या वेळीं शेवटून आणणारा शेतकरी हेंच करीत होता. कोरडा आंस कुरकुरतो, चाक तापतें, बैल घामाघूम होतो. कडब्यांतून बैलाच्या अंगीं आलेला जोर कापसाचें ओझें ओढण्याऐवजीं लाकूड तापविण्यांत जातो. पंपाच्या बाबतींतही तेंच घडतें. फरक इतकाच कीं, बैलाचे हाल डोळ्यांस दिसतात, विजेचे दिसत नाहींत.

वणीचा कोळसा ते विहिरीवरील धार

ही गळती कोठें कोठें होते हें पाहण्यास आपणांस जिल्ह्याबाहेर फारसें जावें लागत नाहीं. वणी तालुक्यांत राजूर, घोन्सा, उकणी ह्या भागांत कोळशाच्या खाणी आहेत. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतील कोळसा चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्रांत जळतो. तेथील वीज राज्याच्या जाळ्यांत मिसळून तारांवाटे पुन्हां आपल्या गांवच्या डी. पी.पर्यंत येते. कोळशांत उष्णतेचे शंभर भाग होते असें धरून हिशेब करूं. पुढील आंकडे सर्व ठिकाणीं तंतोतंत सारखे नसतात. हिशेबाची रीत समजावी म्हणून ते गोल धरले आहेत.

शंभर भागांपैकीं सुमारें चौतीस भागांचीच वीज होते; उरलेले सहासष्ट धुराड्यांतून व थंड करणाऱ्या पाण्यांतून निघून जातात. ह्यांतला बराचसा भाग यंत्र कितीही चांगलें असलें तरी जावयाचाच, कारण उष्णतेचें सर्वच्या सर्व काम करून घेणें निसर्गनियमानें शक्य नाहीं. चौतीसांपैकीं कांहीं तारांत व रोहित्रांत खर्ची पडून विहिरीवर अठ्ठावीस पोंचतात. जुना, दोनचारदां गुंडाळलेला मोटारपंप असेल तर मोटार व पंप मिळून त्यांतील शेंकडा तीसच कामीं लागते, म्हणजे आठ भाग उरले. अरुंद पाइप, काटकोनी वांक, कचऱ्यानें तुंबलेला फूटव्हॉल्व्ह ह्यांत दोन गेले, सहा राहिले. पाणी मोकळ्या दांडांतून जातांना निम्में मुरलें, फुटलें, वाफ झालें. मुळांशीं काम केलें तें तीन भागांनीं.

ह्याच साखळीच्या शेवटच्या तीन कड्या आपल्या हातच्या आहेत. चांगल्या पंपानें अठ्ठावीसांचे चौदा होतात, मोठ्या व सरळ पाइपांतून बारा बाहेर पडतात, ठिबकानें त्यांतले अकराएक मुळांशीं जातात. कोळसा तोच, केंद्र तेंच, तारा त्याच. पण पिकाचें काम तीनांच्या जागीं अकरा. शिवाय ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, साखळीच्या शेवटच्या टोकाशीं वांचविलेला एक भाग खाणीजवळच्या अनेक भागांएवढा असतो. म्हणून ऊर्जासंवर्धनांत वावरांतील मनुष्याचें स्थान मोठ्या इंजिनीयरापेक्षां कमी नाहीं.

यंत्र बदलल्यानें काय होतें ह्याचें उदाहरण आपल्या जिल्ह्यानें पाहिलेलें आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर ह्या अरुंद मार्गावरील ‘शकुंतला’ गाडी, जी एके काळीं वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठीं बांधली गेली, तिला १९२३ पासून १९९४ पर्यंत मँचेस्टरला १९२१ सालीं बनलेलें वाफेचें इंजिन ओढीत असे. आतां तो मार्ग बंद आहे. परंतु ज्यांनीं तें इंजिन पाहिलें त्यांस त्याचा धूर, त्याची वाफ व दुरूनच लागणारी धग आठवत असेल. तशा वाफेच्या इंजिनांत कोळशाच्या शंभर भागांपैकीं आठदहांहून अधिक भाग गाडी ओढण्यास लागत नसत. बाकीची सारी ती धग होती. पुढें डिझेलचें इंजिन आलें व तेंच ओझें पुष्कळ कमी इंधनांत जाऊं लागलें.

आपला पंप आपणच तपासावा

पंप चांगला कीं वाईट हें धारेकडे पाहून कळत नाहीं, मोजूनच कळतें. त्यास विशेष साहित्य लागत नाहीं. दोनशें लिटरचें एक पिंप, एक घड्याळ व एक दोरी पुरे. दोरीस वजन बांधून पंप चालू असतांना विहिरींतील पाण्याची पातळी मोजावी व पाइपाच्या तोंडापर्यंतची एकूण उंची मीटरांत काढावी. पिंप किती सेकंदांत भरतें हें पाहून तासाला किती लिटर पाणी पडतें तें काढावें. मीटर असल्यास त्या तासांत किती युनिट फिरलीं तें पाहावें. नसल्यास पांच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर तासाला साधारण साडेचार युनिट घेते असें धरावें. मग लिटरांस मीटरांनीं गुणावें, व त्या गुणाकारास युनिटांच्या ३६७० पटीनें भागावें. येणारा आंकडा म्हणजे शंभरांपैकीं किती ऊर्जा पाणी उचलण्यास लागली तें होय.

उदाहरणार्थ, एकूण उंची तेरा मीटर आहे व पिंप पंचवीस सेकंदांत भरतें असें समजूं. म्हणजे तासाला २८,८०० लिटर. त्यास तेरांनीं गुणिलें असतां ३,७४,४०० होतात. साडेचार युनिटांस ३६७० नें गुणिलें असतां १६,५१५ येतात. भागाकार सुमारें तेवीस. अर्थात् शंभरांतील सत्त्याहत्तर भाग मोटार तापविण्यांत, पाणी घुसळण्यांत व पाइप घासण्यांत गेले. हा आंकडा चाळीसाच्या पुढें असल्यास पंपाची स्थिति बरी समजावी; पंचविसाच्या आंत आल्यास दोष शोधावा.

दोष बहुधा ठरलेल्या जागीं सांपडतात. पहिला, पाइपाची रुंदी. तितकेंच पाणी दोन इंचीऐवजीं तीन इंची पाइपांतून नेलें तर घर्षणांत जाणारा जोर सुमारें साडेसातपटीनें कमी होतो; पाइपाच्या किंमतींत वांचविलेले पैसे दरवर्षीं मोटारींतून वसूल होतात ते असे. दुसरा, काटकोनी एल्बो. त्याऐवजीं लांब वळणाचा बेंड घालावा. तिसरा, धार दिसावी म्हणून पाइपाचें तोंड विहिरीच्या कांठावर पुरुषभर उंच नेण्याची हौस. तें पाणी वर चढवून पुन्हां खालीं टाकणें म्हणजे बंडी टेकडीवरून नेऊन घरीं आणण्यासारखें आहे. चौथा, खोलीस न शोभणारा पंप. दुकानदार देईल तो न घेतां आपल्या विहिरीची उंची सांगून घ्यावा व त्यावरील तारांकित चिठ्ठी पाहावी. सोलापूर जिल्ह्यांत मंगळवेढ्याच्या बाजूस दोन हजारांहून अधिक जुने शेतपंप काढून असे तारांकित पंप बसविण्याचा प्रयोग झाला. शेतपंपांच्या बाबतींत देशांतील तो अगदीं आरंभींचा प्रयोग होय.

बिल शून्य, खर्च शून्य नव्हे

येथें वाचक म्हणतील कीं, हें सर्व खरें, पण वीज तर आतां फुकट आहे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेनें एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत पांच वर्षें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपांचें बिल शासनानें आपल्याकडे घेतलें आहे. वारंवार बुडणाऱ्या पिकाच्या ह्या मुलखांत ती सवलत शेतकऱ्यास हवीच होती, व तिजविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु बिल आणि खर्च ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. बिल कागदावर येतें. खर्च दुसऱ्या वाटांनीं येतो, व तो शेतकऱ्याच्याच घरीं येतो.

पहिली वाट डी. पी.ची. वीज आल्याबरोबर ऑटो स्विचमुळें सर्व मोटारी एकदम सुरू होतात, सुरू होतांना मोटार नेहमींच्या कैक पट प्रवाह ओढते, दाब पडतो, दाब पडला कीं मोटारी अधिक प्रवाह ओढतात, शेवटीं रोहित्र जळतें. ऐन हरभरा फुलावर असतांना रोहित्र जळून आठ-पंधरा दिवस पाणी न मिळाल्यास काय होतें हें ज्यानें भोगलें त्यास बिलाची शून्य रक्कम दाखवून समाधान होणार नाहीं. त्याच डी. पी.वरील सर्व शेतकऱ्यांनीं मोटारीस योग्य कपॅसिटर लावले, ऑटो स्विच काढून पाळ्या लाविल्या व निकामी पंप बदलले, तर तेंच रोहित्र तितक्याच विहिरी सुखानें चालवील. हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. म्हणून तें आमच्यासारख्या शेतकरी-मंडळांचें काम आहे.

दुसरी वाट मोटारीच्या गुंडाळणीची. कमी दाबावर चाललेली मोटार तापते व जळते. गुंडाळून आणण्याची मजुरी, ने-आण व हुकलेली पाळी ह्यांचा हिशेब वर्षाअखेर मांडून पाहावा. कशीबशी गुंडाळलेली मोटार पूर्वींपेक्षां अधिक वीज खाते व लवकरच पुन्हां जळते, हें तर वेगळेंच.

तिसरी वाट विहिरीची, व ती सर्वांत मोठी. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. ह्या पाषाणांत पाणी सांठतें तें वरच्या झिजलेल्या थरांत व फटींत. तो सांठा उथळ असतो. बिल नाहीं म्हणून मोटार रात्रभर चालू ठेवली तर सांठा खालीं जातो. पाणी दहा मीटरांवरून वीस मीटरांवर गेलें कीं त्याच एका घागरीस दुप्पट ऊर्जा लागते. मग मोठी मोटार, मग बोअर, मग शेजाऱ्याची विहीर कोरडी. पाणी व ऊर्जा ह्या दोन गोष्टी विहिरींत एकमेकींस बांधलेल्या आहेत; एकीची उधळण केली तर दुसरी राहत नाहीं. सवलतीची मुदत संपेल तेव्हां बिल पुन्हां येईल कीं नाहीं हें शासन ठरवील. खोल गेलेलें पाणी मात्र कोणाच्या ठरावानें वर येत नाहीं.

सौर पंप घेतलेल्यांसही हें लागू आहे. २०१९ सालच्या प्रधानमंत्री कुसुम योजनेपासून व पुढें राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळें पुष्कळ विहिरींवर तावदानें दिसूं लागलीं. सूर्य बिल पाठवीत नाहीं. परंतु तावदान ऊनापैकीं साधारण पांचवा हिस्साच विजेंत पालटतें, आणि दिवस मोजकाच असतो. तेथें ऊर्जा दवडणें म्हणजे पैसा नव्हे तर त्या दिवसाचें पाणीच दवडणें होय. तावदानावरील धूळ पुसणें, छाया पडूं न देणें व पाणी ठिबकानें देणें एवढ्यानेंच तोच पंप अधिक क्षेत्र भिजवितो.

वावरांतील व चुलींतील ऊर्जा

ज्यांच्याकडे विहीर नाहीं अशा कोरडवाहू शेतकऱ्यांनीं हा लेख आपल्यासाठीं नाहीं असें समजूं नये. जिल्ह्यांत तेच बहुसंख्य आहेत. त्यांच्याही वावरांत ऊर्जेची मोठी आवकजावक चालूच असते.

युरियाचेंच घ्या. हवेंतील नत्र बांधून त्याचा युरिया करण्यास कारखान्यांत नैसर्गिक वायु जाळावा लागतो. पंचेचाळीस किलोच्या एका पोत्यामागें लागणारी ऊर्जा सुमारें तीस लिटर डिझेलाइतकी भरते. असें पोतें कोरड्या जमिनीवर उन्हांत फेकून दिलें कीं त्यांतील नत्राचा मोठा भाग अमोनिया होऊन उडून जातो. म्हणजे तीस लिटरांपैकीं कितीतरी लिटर डिझेल बांधावर ओतून दिल्यासारखेंच झालें. ओल पाहून, मातीआड करून, हप्त्यांनीं दिलेला युरिया हें उत्तम ऊर्जासंवर्धन आहे. आणि कपाशींत तुरीचे तास घेण्याची आपली जुनी चाल त्याहून उत्तम. कारण तुरीच्या मुळांवरील गांठींतले जिवाणू तेंच नत्र कोणताही वायु न जाळतां, पानांनीं उन्हांतून कमावलेल्या ऊर्जेवर बांधतात.

दुसरें उदाहरण पऱ्हाटीचें. वेचणी संपल्यावर एकरीं सुमारें टनभर वाळलेली पऱ्हाटी निघते. वजनास वजन धरल्यास तिची उष्णता हलक्या प्रतीच्या दगडी कोळशाच्या जवळपास जाते. म्हणजे पांच एकरांच्या कपाशीवाल्याच्या वावरांत दरसाल पांच टन इंधन उभें असतें, आणि तें आपण बांधाला ढीग करून पेटवून देतों. पऱ्हाटी वावरांत उभी ठेवावी असें मात्र कोणी समजूं नये. त्यानें गुलाबी बोंडअळीस आसरा मिळतो व पुढील हंगाम धोक्यांत येतो. ती वेळेवर उपटावी, परंतु जाळण्याऐवजीं कुटी करून खतांत घालावी, किंवा तिचे ठोकळे करणाऱ्या कारखान्यास द्यावी, किंवा घरच्या चुलीसाठीं कोरडी व झांकून ठेवावी.

चुलीचा उल्लेख आला म्हणून सांगतों. तीन दगडांच्या साध्या चुलींत जळणाच्या उष्णतेपैकीं दहाबारा भागच भांड्यास लागतात. सुधारलेल्या, हवा नीट घेणाऱ्या चुलींत वीस-पंचवीस लागतात. म्हणजे निम्म्या जळणांत तोच स्वयंपाक होतो, व धूरही कमी. हें जळण बहुधा घरांतील बाईच्या डोक्यावरून येतें. तुरीची डाळ आधीं भिजत घालणें, भांड्यावर झांकण ठेवणें, जमेल तेथें गोबरगॅस करणें, ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण ज्या खांद्यावरून मोळी उतरते त्यास त्या क्षुल्लक वाटत नाहींत. पुरुषांनीं पंपाचा हिशेब करावा व चुलीचा करूं नये, हा न्याय नव्हे.

बचत म्हणजे उपासमार नव्हे

शेवटीं एका गैरसमजाविषयीं. ऊर्जा वाचवा असें म्हटलें कीं, पुष्कळांस तें पोट भरलेल्यानें उपाशी मनुष्यास सांगितलेल्या मिताहारासारखें वाटतें. जेथें गव्हाला चार पाण्यांची गरज असतां दोनच मिळतात, जेथें रात्रीची पाळी आली म्हणजे अंधारांत विंचू-सापांतून दांड फोडावे लागतात, तेथें कमी वापरा असें सांगणाऱ्याचा राग यावा हें साहजिक आहे. परंतु संवर्धन म्हणजे पीक वाळविणें नव्हे. पिकास लागेल तें द्यावेंच. उलट आज गळतींत जाणारें त्याला मिळालें तर दोहोंच्या जागीं तिसरें पाणीही देतां येईल. काम कमी करून ऊर्जा राखणें ही निवळ काटकसर होय. काम तेंच ठेवून किंवा वाढवून ऊर्जा राखणें हें संवर्धन होय. पहिली कधीं कधीं नाइलाजानें करावी लागते; दुसरें मात्र नेहमींच फायद्याचें असतें.

आमची सूचना एवढीच कीं, ह्या रब्बींत प्रत्येक वाचकानें एक पिंप, एक घड्याळ व एक दोरी घेऊन आपला पंप एकदां मोजावा, आंकडा विहिरीच्या भिंतीवर चुन्यानें लिहावा, व एका डी. पी.वरील शेतकऱ्यांनीं एकत्र बसून ते आंकडे एकमेकांस दाखवावे. कोणाचा तेवीस, कोणाचा चाळीस निघेल. ज्याचा चाळीस निघाला त्यानें काय केलें हें त्यास विचारावें. उताराच्या वावरांत जसा एकाच्या धुऱ्यावर घातलेला बांध खालच्याचीही माती राखतो, तसा एकाच्या विहिरीवरील सुधारलेला पंप साऱ्या डी. पी.चा दाब राखतो.